घायपात, अंबाडी आणि कागदी लिंबू: मेक्सिकन पेयांवरील एका संदेशाचा प्रतिवाद

मेक्सिकन पेयांविषयीचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: मेक्सिकोचे पेय म्हणजे टकीला, ती निवडुंगापासून काढतात, अस्सल बाटलीच्या तळाशी अळी असते, टकीलातील साखर मधुमेहींना चालते, मार्गारिटा (टकीला, लिंबू आणि संत्र्याची गोड लिकर यांचे मिश्रण) हे त्या देशाचे प्राचीन पेय आहे, आणि या पेयांना लागणारे साहित्य आपल्याकडे मिळत नसल्यामुळे ती घरी करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. यातील एकही विधान टिकत नाही. शेवटच्या विधानाचा समाचार मात्र सविस्तर घ्यावा लागेल, कारण ते वाचून माणूस स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाही.

आधी निवडुंगाचे पाहू. टकीला ज्या वनस्पतीपासून होते ती अगावे, त्यातही निळसर पात्यांची एकच जात. कुळाने ही वनस्पती शतावरीच्या नात्यातली आहे आणि निवडुंगाचे कूळ सर्वस्वी वेगळे आहे. काटे दिसले की निवडुंग, हा समज निदान महाराष्ट्रात तरी टिकायला नको होता, कारण अगावेचेच भाऊबंद आपल्याकडे बांधावर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला उभे असतात. ज्याला आपण घायपात म्हणतो, आणि काही भागांत केकताड, ती याच गणातील, मूळची अमेरिका खंडातून आलेली वनस्पती, आणि तिच्या पात्यांतून वाख काढून दोर वळणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या इथे होऊन गेल्या. आपण पाती घेतली आणि गड्ड्याकडे पाहिलेही नाही. हालिस्को प्रांतातला हिमादोर, म्हणजे अगावेची तोडणी करणारा कामगार, लांब दांड्याच्या गोल पात्याने सगळी पाती छाटून टाकतो आणि नेमका गड्डाच घरी नेतो. सहा-सात वर्षे वाढलेला हा गड्डा सोलल्यावर अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला अननसाचेच स्पॅनिश नाव आहे, पीन्या. तो भट्टीत शिजवतात, चिरडून रस काढतात, रस आंबवतात आणि मग त्याचे ऊर्ध्वपातन करतात. टकीला या नावाला १९७४ पासून भौगोलिक संरक्षण आहे आणि ते हालिस्को व आणखी चार राज्यांतील ठरावीक भागांपुरतेच वापरता येते. दख्खनच्या पठारावरील अगावेपासून आपल्याकडे तयार होणारे मद्य गोव्याच्या दुकानांत मिळते, पण त्याच्या बाटलीवर टकीला हा शब्द दिसत नाही, तो यामुळेच.

अळीचे प्रकरण लवकर आटोपते. अळी घातलेल्या बाटल्या असतात त्या टकीलाच्या नव्हेत, काही मेस्कालच्या, म्हणजे अगावेपासूनच होणाऱ्या दुसऱ्या एका मद्याच्या. आणि तीही विसाव्या शतकाच्या मध्यास निघालेली विक्रीची युक्ती आहे. चांगले मेस्काल करणारे बहुतेक जण तिच्या वाटेला जात नाहीत.

मधुमेहाच्या दाव्याला मात्र थोडा आधार आहे, आणि अर्धा आधार असलेली चूक अधिक घातक ठरते. मेक्सिकोतील संशोधकांनी २०१४ साली अगावेतील ‘अगाविन’ नावाच्या शर्करांविषयी उंदरांवर केलेले काम मांडले होते आणि त्या शर्करा रक्तातील साखर फारशी वाढवत नाहीत, असे त्यात दिसले होते. परंतु या शर्करा कच्च्या अगावेत असतात. गड्डा भट्टीत शिजला की त्या फुटून साध्या साखरा होतात आणि पुढे आंबवण्यात त्यांचे मद्य होते, त्यामुळे बाटलीत पोचेपर्यंत अगाविन उरतच नाही. पेल्यात उरते ते मद्य, आणि मार्गारिटा असेल तर वरून घातलेली साखर. मधुमेहाची औषधे चालू असताना मद्य घेतल्याने साखर एकाएकी उतरू शकते, हे तो संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणी लिहिलेले दिसत नाही.

‘मेक्सिकोचे पेय म्हणजे टकीला’ या विधानाने तर दोन हजार वर्षांचा इतिहास पुसला जातो. स्पॅनिश लोक येण्याआधी त्या देशात ऊर्ध्वपातित मद्याची परंपरा नव्हती. मान होता तो पुल्केला. मोठ्या जातीच्या अगावेचा गाभा पोखरला की त्या खळग्यात गोड रस साठत राहतो. त्लाचिकेरो नावाचा माणूस सकाळ-संध्याकाळ लांब भोपळ्याच्या नळीने तोंडाने ओढून तो रस काढतो, आणि आंबल्यावर त्याचे पांढरे, किंचित बुळबुळीत, बिअरइतक्याच चढाचे पेय होते. ज्याने नीरा आणि ताडी यांच्यातले काही तासांचे अंतर पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अस्तेक लोक अगावेची देवता मायावेल हिला मानत आणि नशेच्या देवांना ‘चारशे ससे’ म्हणत. म्हणजे नशेच्या चारशे तऱ्हा असतात हे त्यांनी फार आधी ओळखले होते. ताडीची उपमा इथे केवळ सोयीसाठी दिलेली नाही. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ या काळात स्पॅनिश जहाजे ये-जा करत होती, आणि त्यांवरून आलेल्या फिलिपिनी खलाशांनी मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर माड छेदून रस काढण्याची विद्या नेली. कोलिमा प्रांतात तो रस ‘तुबा’ या फिलिपिनी नावानेच, वर शेंगदाणे घालून, आजही रस्त्यावर विकला जातो. अगावेचे मद्य काढण्याची पहिली भट्टीही याच खलाशांच्या नारळाच्या दारूच्या भट्टीवरून आली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कोकणातल्या माडीवाल्याला कोलिमात परके वाटण्याचे कारण नाही.

मार्गारिटा प्राचीन असल्याचे ज्याने लिहिले, त्याने बहुधा मीठ लावलेल्या पेल्याचे चित्र पाहून अंदाज बांधला असावा. हे पेय १९३० ते १९५० च्या दरम्यानचे आहे, त्याच्या जनकत्वावर निदान अर्धा डझन लोकांनी हक्क सांगितला आहे, आणि त्यांतले बरेचसे अमेरिकेच्या सीमेलगतचे किंवा सीमेपलीकडचे आहेत. मार्गारिटा या शब्दाचा स्पॅनिशमध्ये एक अर्थ डेझीचे फूल असा होतो, आणि मद्य, लिंबू व गोड लिकर यांचे ‘डेझी’ नावाचे मिश्रण त्याआधीपासून प्रचलित होते. नावाचे मूळ तिथे असणे मला अधिक पटते. बर्फाचा चुरा केलेली मार्गारिटा तर १९७१ साली डॅलस शहरातील मारियानो मार्टिनेझ या उपाहारगृहचालकाने आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून काढली, आणि ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. खुद्द मेक्सिकोत टकीलाचे साधे मिश्रण म्हटले की पालोमाचे, म्हणजे टकीला, ग्रेपफ्रूट आणि सोडा यांच्या पेयाचे, नाव आधी निघते. मीठ चाटून, डोळे मिटून एका दमात पेला रिकामा करण्याची पद्धत तिथल्या जाणकारांना आवडत नाही. चांगली टकीला अरुंद पेल्यातून घोट घोट घेतात आणि सोबत संत्र्याचा रस व मिरची घातलेली सांग्रिता ठेवतात.

आता साहित्याचा मुद्दा. मेक्सिकन घरांत रोज जेवणाबरोबर जी पेये असतात ती बिनमद्याची असतात. फळे, फुले किंवा धान्य पाण्यात उतरवून केलेल्या या पेयांना तिकडे ‘आग्वास फ्रेस्कास’ म्हणतात, आणि त्यांच्या सामानाची यादी आपल्या वाण्याकडे नेऊन दिली तर तो एकदाही मान वर करून पाहणार नाही.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध, गर्द लाल रंगाचे पेय हमायका या नावाने ओळखले जाते. मराठीतल्या पाककृतींत त्याचे भाषांतर ‘जास्वंदीचे सरबत’ असे केलेले आढळते, लोक देवघरातली जास्वंद उकळतात, आणि ना रंग येतो ना आंबटपणा. हमायका म्हणजे लाल अंबाडी. आपण जिच्या पाल्याची भाजी करतो त्या अंबाडीच्या लाल देठाच्या जातीला फूल गळून गेल्यावर मांसल, आंबट, लाल पाकळ्यांसारखी बोंडे येतात; विदर्भात त्यांची चटणी आणि सरबतही करतात. वाळवलेली बोंडे ५० ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात दहा मिनिटे उकळावीत, झाकून थंड होऊ द्यावीत, गाळून त्यात पाऊण वाटी साखर विरघळवावी आणि आणखी एक लिटर गार पाणी घालावे. ओली बोंडे मिळाली तर चौपट घ्यावीत आणि आतली बी काढून टाकावी. तांब्या-पितळेचे भांडे इथे चालणार नाही, स्टीलचेच हवे.

चिंचेच्या पेयाबद्दल लिहिण्याची गरज नाही. ओरचाता मात्र करून पाहावे: वाटीभर तांदूळ आणि दालचिनीचा तुकडा रात्रभर भिजवून, बारीक वाटून, फडक्यातून गाळून, साखर घालून गार करायचे. तिकडची दालचिनी कागदासारखी पातळ आणि सौम्य असते, आणि आपल्या बाजारातली जाड साल तिखट असते, म्हणून ती निम्मीच घ्यावी.

तेपाचे हे माझ्या मते या सगळ्यांत घरी करण्यासारखे पेय आहे, कारण ते आपण एरवी कचऱ्यात टाकतो त्या अननसाच्या सालींपासून होते. त्यात पडणारा ‘पिलोन्सियो’ म्हणजे उसाचा रस आटवून साच्यात ओतलेली ढेप, थोडक्यात गूळ. एका पिकलेल्या अननसाच्या साली आणि मधला दांडा, २०० ग्रॅम गूळ, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा आणि उकळून निवलेले दोन लिटर पाणी काचेच्या बरणीत घालून वर फडके बांधावे. साली धुवाव्यात, पण घासू नयेत, कारण आंबवणारे जंतू त्यांच्यावरच असतात. मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी कडेने बारीक बुडबुडे वर येऊ लागतात आणि पांढरा फेस धरतो. तो चमच्याने काढून टाकावा. हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळे फेकून द्यावे. आपल्याकडे घरी मद्य तयार करणे कायद्याला मान्य नाही, त्यामुळे फार काळ मुरवत ठेवू नये; बुडबुडे आल्यावर दिवसभरात सुखद आंबटगोड चव येते, तेव्हा गाळून लगेच शीतकपाटात ठेवावे. घट्ट बुचाच्या बाटलीत भरल्यास वायूने बाटली फुटू शकते.

मद्य घालून करायच्या पेयांतही सामानाची अडचण सांगितली जाते तेवढी नाही. अमेरिकन पुस्तके वाचून मार्गारिटासाठी मोठे, बिनबियांचे, महागडे लिंबू शोधत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. मेक्सिकोत ज्याला नुसते ‘लिमोन’ म्हणतात ते आपले कागदी लिंबू आहे, त्याच जातीचे, तेवढेच लहान आणि तेवढेच सुवासिक. प्रमाण सोपे आहे: टकीला ५० मिलिलिटर, संत्र्याची लिकर २०, लिंबाचा रस १५. टकीलाच्या बाटलीवर अगावे शंभर टक्के असल्याचे लिहिलेले पाहून घ्यावे, कारण तसे नसेल तर निम्म्याहून थोडीच अधिक साखर अगावेची आणि बाकीची उसाची वगैरे असू शकते. पालोमाला लागणारे ग्रेपफ्रूट आपल्याकडे सहज मिळत नाही, हे खरे. पण ते फळ पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झालेले आहे, आणि पपनस गणपतीच्या सुमारास बाजारात ढिगाने असते. पपनसाच्या फोडी पांढरा पापुद्रा काढून दाबून घ्याव्यात, अर्धे लिंबू, चिमूटभर मीठ, टकीला आणि सोडा घालावा. टकीला वगळली तरी पेय उभे राहते. हेच सामान संत्र्याचा रस वाढवून मातीच्या पेल्यात ओतले की हालिस्कोत त्याला कांतारितो म्हणतात. पेला आधी पाण्यात बुडवून ठेवला म्हणजे गारवा टिकतो.

‘इथे मिळत नाही’ हे विधान एका पेयाला लागू पडते आणि नेमके त्याचे नाव संदेशात नाही. टकीलाच्या बाटल्या मुंबई-पुण्याच्या दुकानांत रांगेने उभ्या आहेत. पुल्के बाटलीत बंद केले तरी आंबतच राहते, दोन-चार दिवसांत बिघडते, आणि त्यासाठी अगावेही दहा-बारा वर्षांची लागते. ते प्यायला मेक्सिकोलाच जावे लागेल.