राज्यशास्त्राच्या तासाला छापील पुस्तक

राज्यशास्त्राचे पुस्तक टॅबवर मिळाले की छापील प्रत अनावश्यक ठरते, हे एका लेखात वाचलेले मत मला पटले नाही. नाशिकमध्ये अकरावीला हा विषय शिकवताना मी संविधानाची छापील प्रत वर्गात फिरवतो. कलम 19 मधील स्वातंत्र्ये वाचून मुले थांबली, की बोट थोडे खाली सरकवून त्यांवरचे वाजवी निर्बंध दाखवता येतात, आणि खरी चर्चा तिथूनच सुरू होते. पडद्यावर मात्र शोधलेला शब्द सापडला की पुढचे कोणी वाचत नाही. माझ्या प्रतीत उद्देशिकेतील ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ असून समासात ‘42 वी दुरुस्ती, 1976’ असे लिहिलेले आहे (अक्षर माझे नव्हे, प्रत जुन्या बाजारातली). नव्या घटनादुरुस्त्या पाहण्यासाठी टॅब मीही वापरतो.