एकावन्न रुपयांच्या तीन पावत्या

परवा चाळीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "नवीन बिल्डिंगमध्ये गेल्यावर मंडळबिंडळ कशाला? सोसायटीची कमिटी असेल, इव्हेंटवाल्याला पॅकेज दिलं की काम झालं." खाली धडाधड अंगठे. मला राग यायच्या आधी हसूच आलं. हा पठ्ठ्या सतराव्या वर्षी मंडळाच्या कबड्डी संघात नसता तर कुठे असता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यालाही.

तिथे वाद घातला नाही. इथे जरा ऐसपैस लिहितो.

नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. तळमजला अधिक तीन, चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. आमच्या खोलीत सात माणसं. घरात पाय पसरायला जागा नाही, म्हणून पोरं कायम खाली. आणि खाली असलेल्या पोरांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या मंडळाने कुणी न सांगता अंगावर घेतला होता. संध्याकाळी कबड्डी, मग कॅरम, नऊच्या ठोक्याला कॅरम बंद आणि त्याच खोलीत अभ्यासिका. नऊनंतर सोंगटीचा आवाज आला की बोर्ड दोन दिवस कुलपात. माझी दहावी त्या खोलीतल्या ट्यूबलाइटखाली झाली. वरळीची मुलं अभ्यास गल्लीत रस्त्यावरच्या दिव्याखाली बसायची, त्या मानाने आम्ही श्रीमंत!

पण मंडळाने मला खरं काय दिलं, ते यात नाही.

1996 साली, मी 19 वर्षांचा असताना, गणपतीच्या वर्गणीचं पावती पुस्तक माझ्या हातात आलं. खोलीमागे 51 रुपये, खोल्या 80. हिशेब शेंबडं पोरही करेल, 4080. अनंत चतुर्दशीनंतर गॅलरीत सतरंजी टाकून सभा बसली, जमाखर्च वाचायला मी उभा राहिलो आणि माझ्या पिशवीत निघाले 3927. पावत्या सगळ्या फाडलेल्या, स्थळप्रती जागच्या जागी, पैसे 153 कमी. घशाला कोरड पडली. समोर माझे वडील बसलेले.

आमचे खजिनदार अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "तू पैसे खाल्लेस असं कुणी म्हणत नाही. पण वही तसं म्हणतेय."

तीस वर्षं होत आली, ते वाक्य अजून कानात आहे.

झालं होतं असं की दोन मित्रांनी "पप्पा आले की देतो, तू पावती फाड" म्हणून सांगितलं, मी फाडली. तिसरी पावती तळमजल्यावरच्या एका काकांची. 1982 च्या संपानंतर त्यांना गिरणीने परत घेतलंच नाही, मिळेल तिथे वॉचमनकी करत. ते म्हणाले, "पगार झाला की देतो रे." नाही कसं म्हणायचं हे मला कळलं नाही. सभेनंतर वसुलीला निघालो. मित्रांकडून दोन दिवसांत पैसे आले. काकांच्या दारात काकूंनी चहा पाजला आणि मी पैसे न मागताच परत आलो. अण्णांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "हे पावती फाडायच्या आधी सांगायचं असतं." मग कळलं, चाळीत अशी चार दारं होती जिथे पावती पुस्तक जातच नसे. अण्णा स्वतः जाऊन फक्त आरतीचं आमंत्रण देऊन येत. त्या चार खोल्यांची वर्गणी दरवर्षी कुठून यायची, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आज मी बँकेत आहे. रोज संध्याकाळी कॅश जुळवतो. ट्रेनिंगमध्ये कॅश जुळवायला शिकवतात, कुठल्या दारी कसं जायचं ते कोण शिकवणार?

26 जुलै 2005 घ्या. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला जेमतेम 74. फोर्टातल्या ऑफिसवाल्यांना पत्ताच नाही पुढे काय वाढून ठेवलंय. गाड्या बंद, माणसं आंबेडकर रोडने चालत उत्तरेकडे निघालेली. आमची पोरं रात्रभर चहा आणि खिचडी घेऊन रस्त्यावर होती. कुणाची ऑर्डर नव्हती. मोठं पातेलं कुणाकडे, गॅसची शेगडी कुठे, रात्री दोनला कुणाचं दार वाजवलं तर शिवी न देता उघडेल, हे गणपतीत आणि दहीहंडीत पाठ झालेलं. अशी माहिती पॅकेजमध्ये मिळत नाही.

रक्तदानाचंही तेच. आमचं शिबिर मे महिन्यात, मुद्दाम. कॉलेजं बंद, माणसं गावाला, रक्तपेढ्या कोरड्या आणि परळची मोठी हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून साठवणार किती? अठरा पूर्ण झालेल्या पोराला आमच्यात वाढदिवसाला हमखास विचारतात, "वजन पंचेचाळीसच्या वर आहे ना?"

मंडळांचं सगळंच गोड आहे असं मुळीच नाही. डीजेच्या भिंतींनी आजारी माणसांचे हाल होतात, ते मी पाहिलेत. निवडणूक आली की कमानीवर कुणाचा फोटो किती मोठा यावरून पोरं एकमेकांच्या अंगावर जातात. आणि आमच्याच मंडळाची लाज सांगतो, कित्येक वर्षं मुली रांगोळी आणि प्रसादापुरत्याच. कार्यकारिणीत मुलगी घ्यायला आम्हाला नवं शतक उजाडावं लागलं, तेही दोन सभांत भांडण होऊन.

आता चाळ पुनर्विकासात आहे. आम्ही भाड्याने पांगलोय, कुणी विरारला, कुणी दिव्याला. 500 चौरस फुटांचं घर मिळणार याचा आनंद आहेच, आईला स्वतःची बेडरूम मिळेल. पण दार बंद करता येणाऱ्या घरातलं पोर खाली कशाला उतरेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून गेल्या रविवारी जमेल तेवढे भेटलो. कार्यकारिणी बदलली, की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, म्हणजे वरळीला खेटे आलेच. यंदा वर्गणीचं काम बारावी झालेल्या एका मुलीकडे दिलं. वर्गणी आता फोनवरच येते, तिला क्यूआर कोड पाठवला.

तिने तो स्कॅन करून पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काका, हा मंडळाच्या खात्याचा नाही. यावर तुमचं नाव येतंय."

खरंच येत होतं. घाईत मीच माझा दिला होता.

मंडळाच्या खात्याचा कोड आठवड्याने मिळाला. तोवर तिने एक रुपया घेतला नाही आणि एकही पावती फाडली नाही.