झाडीत हिमस्खलन होत नाही? गुलमर्गला जाणाऱ्यांनी हे वाचाच

सध्या ट्रेकिंगच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय की गुलमर्गला स्की किंवा स्नोशूज घालून फिरताना झाडीत राहा, झाडं बर्फ धरून ठेवतात, तिथे हिमस्खलन होत नाही. प्लीज हे असं पुढे पाठवू नका, अर्धवट आहे.

झाडं दाट असतील तर बर्फ बराच अडतो, हे खरंय. पण स्की करण्याइतकी मोकळी जागा झाडांत असेल तर त्या उतारावरून बर्फ सुटू शकतो, साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात धोक्याचा, आणि वरच्या उघड्या डोंगरावरून सुटलेला बर्फ खाली झाडीत घुसतोच, शिवाय खोडावर आपटून माणूस जातो ते वेगळंच. एकाच बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या तर समजा तिथून आधी बर्फ येऊन गेलाय.

मेसेजमध्ये नसलेला दुसरा धोका म्हणजे बुंध्याजवळचा खड्डा. फरच्या (सूचिपर्णी झाडाच्या) खालच्या फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात, त्यामुळे बुंध्याशी बर्फ घट्ट बसतच नाही, वरून सपाट दिसतं आणि आत भुसभुशीत पोकळी. त्यात डोक्यावर पडलात तर स्वतःहून निघणं जवळपास अशक्य, काही मिनिटांत गुदमरायला होतं, म्हणून जोडीदार कायम नजरेसमोर हवा आणि झाडापासून लांबूनच जायचं.

निघण्याआधी हिमस्खलनाचा इशारा बघा, स्थानिक गाईड घ्या आणि बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, ग्रुपमध्ये एक सेट असून काही उपयोग नाही.