लेकरांना कॅन्सर होत नाही म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आठ दिवस झाले, आमच्या परभणीतल्या निम्म्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरायलाय. लहान लेकरांना कॅन्सर होतच नाही, झालाच तर चिप्स आन मोबाईलमुळं होतो, बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायची, सुई लागली की अंगभर पसरतो आन एकदा निदान झालं की पैसा घालून उपयोग नाही. मी लॅबमध्ये रोज रक्ताच्या स्लाईडी बघते, त्यामुळं गप बसवंना.

होतच नाही म्हणे. जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या अंदाजे ४ लाख मुलांना होतो, फक्त तो मोठ्या माणसांसारखा नसतो. तंबाखूनं तोंडाचा होतो तसला कॅन्सर लेकरांत शोधायला गेलात तर क्वचितच सापडंल. लेकरांत जास्त करून रक्ताचा, मग मेंदूतल्या गाठी, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा, किडनीतला विल्म्स ट्यूमर, डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, आन वयात येणाऱ्या पोरांत गुडघ्याजवळच्या हाडाचा. मोठ्यांचा कॅन्सर आपण अवयवाच्या नावानं सांगतो, लेकरांच्या वर्गीकरणात मात्र आधी बघतात की बिघडलेली पेशी कुठल्या जातीची आहे, त्याचे १२ मुख्य गट आहेत.

मागं एका चार वर्षांच्या पोराचं रक्त आलं होतं. महिनाभर ताप येऊन जाऊन, रात्री पाय दुखतात म्हणून रडायचं, मार नसताना मांडीवर निळे डाग. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी फक्त १८ हजार, म्हणजे फारच कमी. स्लाईड रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली तर जिकडं तिकडं मोठाल्या गोल पेशी, आत जांभळं केंद्रकच भरलेलं, कडंला निळसर रेघेएवढी जागा. त्या ब्लास्ट, म्हणजे न पिकलेल्या कच्च्या पेशी, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. पण कुठला, हे नुसत्या स्लाईडीवरून पक्कं होत नाही, एएलएल का एएमएल (रक्ताच्या कॅन्सरचे दोन प्रकार), बी का टी जातीच्या पांढऱ्या पेशींचा, हे बोनमॅरो म्हणजे हाडातल्या मगजाच्या तपासणीवर आन पेशींची जात ओळखणाऱ्या फ्लोसायटोमेट्री मशीनवर ठरतं आन औषधं त्यावरच बदलतात. म्हणून सांगते, निदान व्हायच्या आधी अंगदुखीवर कुणी स्टिरॉइड द्यायला लागलं तर आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करा म्हणा, कारण स्टिरॉइडनं त्या पेशी तात्पुरत्या दबतात आन तपासणी फसती.

आता बायोप्सी. सुईनं पसरतो या भीतीपायी गळ्याच्या गाठीवर महिनोन्‌महिने लेप लावणारे लोक मी बघितलेत, नाहीतर तपासणी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू. सर्दी-खोकल्यानं गाठी येतात आन जातात, पण दुखत नसलेली, टणक, वाढत चाललेली, विशेषतः कॉलरच्या हाडावरची गाठ असंल तर तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. एक खरं आहे की रेटिनोब्लास्टोमात डोळ्यात सुई घालत नाहीत, तिथं पसरायचा धोका असतो, ते निदान भूल देऊन डोळा बघून आन स्कॅननं करतात. पण ही गोष्ट डॉक्टरांना माहीत असती, त्यावरनं सगळ्याच बायोप्सीला नाही म्हणायचं हे चूक आहे. घरी तुम्ही एवढं करा, फ्लॅशच्या फोटोत लेकराच्या एका डोळ्याची बाहुली मांजरीसारखी पांढरी चमकत असली तर लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या, मोतीबिंदू असला तरी उशीर चालत नाही. आन अंघोळ घालताना पोटात एका बाजूला टणक गोळा लागला तर तेल लावून चोळू नका, सोनोग्राफी करा.

चिप्स-मोबाईलचं म्हणाल तर बहुतेक लेकरांत असं काही कारण सापडतच नाही, साधारण दहातल्या एकात जन्मतः जनुकातला दोष असतो. आईला बोल लावणं थांबवा, ती आधीच काळजीनं अर्धी झालेली असती.

आन उपयोग नाही हे तर साफ खोटं. श्रीमंत देशांत अशी १०० पैकी ८० च्या वर मुलं बरी होतात. आपल्याकडं कमी होतात कारण उशिरा पोचतात आन अर्ध्यात सोडतात, एएलएलची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालती, दोन महिन्यांत लेकरू खेळायला लागलं की लोक शेतीच्या कामाला परत येतात.

संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, बीड-धाराशिवकडच्यांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल जवळ, आन परळचं टाटा आहेच. रेशनकार्ड-आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या (सरकारी मोफत उपचार योजना) आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, भेटा. आन जाताना आधीच्या लॅबमधून नुसता रिपोर्ट नका आणू, स्लाईडी आन मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) पण मागून घ्या, तिथं ते परत तपासतात आन ते नसले की हेलपाटा पडतो.