फुटबॉलवरचं न्यूयॉर्क

कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार ग्लासात पडत होती आणि इकडं रावसाहेबांची अमेरिका सुरू झाली होती. थोरल्या लेकाकडं एकदाच जाऊन आलाय गडी, पण बोर्डिंग पास अजून पाकिटात, आधार कार्डाच्या वर.

"मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. जाताना सोळा तास, येताना तास-दीड तास कमी. का? पृथ्वी पूर्वेकडं फिरती!"

पैलवानानं मिशीवरची साय पुसली. "पूर्वेकडं फिरती म्हणजे जाताना न्यूयॉर्कच आपल्याकडं येतंय की. मग जाताना लवकर पोचाय पाहिजे."

रावसाहेब गप्प.

"आणि हवा पृथ्वीबरोबर फिरत नसती, तर मी हितं उडी मारल्यावर रंकाळ्यात पडलो असतो. वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचं वारं असतंय, जेट स्ट्रीम. येताना पाठीत, जाताना तोंडावर. पंचगंगेच्या पुलावर तुमची लुना आठवा."

लुनाचा विषय निघाला की रावसाहेब चिडतात. त्यांनी मोबाईलवर नकाशा काढून बोटानं सरळ रेघ ओढली: अरबस्तान, आफ्रिका, समुद्र, न्यूयॉर्क. "आमचं विमान मात्र उत्तरेला. डिझेल जाळून बिल वाढवत्यात."

"विमानात डिझेल?" बंडू.

पैलवानानं एका पोराचा फुटबॉल घेतला, दूधवाल्याकडनं सुतळी मागितली. अंगठ्याखाली मुंबई, पलीकडं न्यूयॉर्क, आणि सुतळी ताणली. ती आपोआप वर चढली. फिनलंड, आइसलंडच्या बाजूनं, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाजवळनं खाली.

"ही सगळ्यात जवळची वाट. तुमची रेघ कागदावर सरळ, बॉलवर वळसा. पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं की तीही वाट सरळ मिळत न्हाई, ते वेगळं."

खरं सांगायचं तर भूगोलाच्या मास्तरांनी आम्हाला हे कधी असं दाखवलं नव्हतं.

बंडू टॅक्सी चालवतो. त्याचा सवाल वेगळाच. "न्यूयॉर्क ऱ्हावं द्या. हितनं मुंबईला किती लागलं?"

"नऊ तास," रावसाहेब हळूच. "सहापदरीची कामं, डायव्हर्जनं..."

"पावणेचारशे किलोमीटरला नऊ तास! म्हंजे ताशी 42. आणि विमान 780नं. उजळाईवाडीचं विमान तासाभरात सोडतंय, न्हाईतर महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रातभर झोपायचं."

"अरे, मी शॉर्टकट घेतला होता."

झालं! सगळा कट्टा उसळला. याच शॉर्टकटनं रावसाहेबांनी आम्हाला जोतिबाला नेलं होतं. वीसेक किलोमीटरला साडेतीन तास, आणि शेवटी उसातनं ट्रॅक्टरला गाडी बांधून बाहेर. बंडूच्या चपला अजून त्या चिखलात हायत.

"तवाबी पृथ्वी फिरत हुती," बंडू म्हणाला. दूधवालाही हसाय लागला, धार ग्लासाबाहेर.

तेवढ्यात ते पोरगं कमरेवर हात ठेवून उभं. "काका, मुंबई सोडा. आमच्या पेनल्टी ऱ्हायल्यात."