‘ही कसली ट्रायल्स?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘कळव्याचा जुना बुलेटवाला’ या नावानं तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमचा आक्षेप असा, की मद्रासची साधी बुलेट घेऊन, सायलेन्सर वर उचलून तिला मी ‘ट्रायल्स’ (खडकाळ वाटेवर तोल सांभाळायच्या स्पर्धेची गाडी) म्हटलं, मूळ रूप घालवलं आणि विंटेजच्या नावाखाली चढ्या भावानं विकली. दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ती कारखान्यातून ट्रायल्स म्हणून निघालेली नव्हती, हे जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत होतं. इंग्लंडमधल्या रेडिचच्या मूळ कारखान्यातल्या ट्रायल्स बुलेट वेगळ्या. तिकडचा स्पर्धक जॉनी ब्रिटन यानं १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली ती रॉयल एनफिल्डवर. त्या वंशातली म्हणून मी ही खपवली असती, तर तुमचा राग रास्त होता.

पण मूळ रूप मी घालवलेलं नाही. गाडी ठाण्यात माझ्याकडे आली तेव्हाच पुढे १९ ऐवजी २१ इंची चाक होतं आणि सायलेन्सर वरून गेलेला होता. हे सगळं आधीच्या मालकाचं काम. मलाही आधी वाटलं, हौसेचा दिखावा असेल. मग इंजिन उतरवलं तर गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दात्यांचं चाक) नेहमीपेक्षा लहान निघालं, आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तळच्या कवचाच्या, खाली दगड घासल्याचे जुने ओरखडे. दिखाव्यासाठी स्प्रॉकेट कोण बदलतं? झाकणाआड असतं, दिसत नाही, वर हायवेला गाडी नुसती बोंबलते. ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नाही. दगडाधोंड्यांतून, ओढ्यातून पाय न टेकता जायचं. एकदा टेकला तर एक दंडगुण, गाडी अडली तर पाच. तिथे चालण्याच्या वेगानं न गचकता ओढणारी गाडी लागते, लहान स्प्रॉकेट त्यासाठीच, आणि लांब स्ट्रोकचं (सिलिंडर ७० मिमी रुंद, पिस्टनची धाव ९० मिमी) आपलं ३५० इंजिन त्या कामाला उत्तम. म्हणजे त्या माणसानं ती खरोखर दगडांत चालवली होती. ते पुसून शोरूममधली बुलेट उभी करायची, तर तिच्या आयुष्यातली एवढी वर्षं मी भंगारात टाकायची? फ्रेमला कुठेही कापलेलं नाही. जुना खालचा सायलेन्सर आणि १९ इंची रिम घेणाऱ्याला सोबत दिली आहे. त्याला वाटलं तर एका रविवारी गाडी पूर्ववत होईल.

मी नवं केलं ते एवढंच: सिलिंडर बोअर, बिग एन्डचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथला) फ्लोटिंग बुश, वायरिंग, रंग. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आट्यांनी. या गाड्यांचे आटे इंग्रजी मापाचे आणि मधल्या कुणा मेकॅनिकनं त्यांत मेट्रिक बोल्ट दामटून बसवलेले. वागळे इस्टेटमधल्या टर्नरनं एकेक आटा पुन्हा पाडून दिला. तुम्ही जिला चढी किंमत म्हणता, तिच्यात हे सगळं आहे. किमतीबद्दल मी एक रुपयाही मागे सरणार नाही.

‘विंटेज’चं म्हणाल तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, फ्रेम-इंजिनात मोठे फेरफार नसलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. घेणाऱ्याला ती चालवायची होती. म्हणून जुना तीन अक्षरी नंबर तसाच ठेवून २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नावावर केली. चेसिस नंबर कागदाशी जुळतो. इंजिन उघडं असतानाचे फोटोही त्याला दाखवले होते.

विकली कशाला, हेही तुम्ही विचारलंत. सोसायटीत मला पार्किंग एकच आहे आणि तिथे आता एक येझदी येऊन उभी आहे!

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमची स्वतःची बुलेट लॉकडाऊनपासून बंद आहे आणि दिवाळीला किक मारून बघणार आहात. तशी लगेच मारू नका. टाकीतलं पेट्रोल काढून टाका, इंजिन ऑइल बदला. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि डिकम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून सावकाश किक फिरवत राहा. बिग एन्डचा बुश जुन्या पद्धतीचा असेल तर तिथवर ऑइल पोचायच्या आत चालू झालेलं इंजिन त्याला खाऊन टाकतं. न्यूट्रल लिव्हर (गिअर थेट न्यूट्रलला आणणारा) अडकला असेल तर जोर लावू नका, मला फोटो पाठवा.