आयलंड काढलं, टेबल आणलं

मागच्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातलं आयलंड, म्हणजे खोलीच्या मधोमध चारही बाजूंनी मोकळा असलेला ओटा, काढून टाकलं. सहा वर्षं होतं. वरचा दगड चौघांनी मिळून बाहेर नेला, मग खालची कपाटं सुटी केली आणि त्याखाली जे दिसलं ते बघून मी गप्पच झाले. खाली फरशी नव्हती. साडेसहा फूट बाय तीन फुटांचा उघडा कोबा, मधून वर आलेला सांडपाण्याचा पाइप आणि वायरींचं भेंडोळं. फरशी बसवताना मिस्त्रींनी आयलंडची जागा सोडून चहूबाजूंनी काम केलं होतं. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात, पण मला ते सहा वर्षांनी कळलं. आता त्याच रंगाची फरशी कुठेच मिळेना.

हे सगळं लिहितेय, कारण ओळखीतल्या तीन घरांत सध्या स्वयंपाकघराचं काम निघालंय आणि तिघींचाही प्रश्न एकच आहे: आयलंड करू, पेनिन्सुला (एका टोकाला चिकटलेला ओटा) करू, की सरळ टेबल ठेवू? माझं मत आता पक्कं झालंय. माणसं जिथे रोज बसणार, तिथे टेबलच हवं. आयलंड हा काम करायचा ओटा आहे. त्यालाच घरातली बसायची एकमेव जागा करू नका. आम्ही तेच केलं होतं.

ओट्याची उंची साधारण 36 इंच, टेबलाची 30. म्हणायला फरक सहाच इंचांचा. पण टेबलाच्या खुर्चीची बैठक 18 इंचांवर असते, तर ओट्याशी बसायला 24 ते 26 इंचांचं स्टूल लागतं. माझ्या आईचे गुडघे दुखतात. ती आली की त्या स्टुलावर कशी बसायची, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एक हात दगडाच्या कडेवर, दुसरा स्टुलाच्या पाठीवर, डावा पाय खालच्या आडव्या दांडीवर, आणि मग क्षणभर तशीच थांबायची, जोर गोळा करत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली, "राहू दे गं, मी उभ्यानेच जेवते." आपल्या लेकीच्या घरात तिला बसायला धड जागा नव्हती, आणि ही जागा मीच हौसेने करून घेतली होती.

लहान मुलांचंही तेच. तीन वर्षांच्या मुलाला उंच स्टुलावर बसवलं की सतत एक हात त्याच्या पाठीशी ठेवावा लागतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर त्या ओट्याशी येताच येत नाही. उंची जास्त, आणि खाली कपाट असेल तर पाय घ्यायचे कुठे?

गुडघ्यांवरून आठवलं. 36 इंच उंच ओट्याशी बसायचं असेल तर दगड कपाटाच्या पुढे 15 इंच तरी यायला हवा. अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा आकडा आहे. आमचा आला होता नऊ इंच. सहा वर्षं आम्ही सगळे तिरके बसून जेवलो आणि पाठ का अवघडते म्हणून एकमेकांना विचारत राहिलो.

आणि माणसं बसतात एका ओळीत. प्रत्येकाला दोन फूट धरले तर चौघांना आठ फूट लागतात. आमच्याकडे तेवढी लांबीही नव्हती. तिघं बसायचे, चौथा उभा. बसलेल्यांतही पहिल्याला तिसऱ्याशी बोलायचं तर मधल्याच्या पुढून वाकावं लागायचं. तेच चार फूट बाय अडीच फुटांचं टेबल घ्या. चौघं समोरासमोर बसतात. माझी मुलगी शाळेतलं काही सांगत असली की आता मला तिचा चेहरा दिसतो. आधी तिचा कान दिसायचा.

आता जागेचा हिशेब. हा कागदावर मांडल्याशिवाय कुणाचंच ऐकू नका, माझंही. ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये एकटं माणूस काम करणार असेल तर 42 इंच, दोघं असतील तर 48 इंच मोकळे हवेत, असं त्याच सूचना सांगतात. भिंतीकडचा ओटा 25 इंच, मधली वाट 42, आयलंडचं कपाट 24, त्यापुढे पायांसाठी 15, आणि बसलेल्यांच्या मागून कुणाला चालत जायचं असेल तर 44. बेरीज 150 इंच, म्हणजे साडेबारा फूट. हे फक्त आडवं माप. आमची वाट होती 34 इंचांची. डिशवॉशरचं दार उघडलं की जेमतेम आठ-नऊ इंच उरायचे. पलीकडच्या माणसाने पलीकडेच थांबायचं, दार बंद होईपर्यंत. दिवसातून किती वेळा "थांब जरा" म्हटलं असेन, त्याला गणती नाही.

पेनिन्सुला, म्हणजे एका टोकाला भिंतीला किंवा ओट्याला चिकटलेला आणि तीन बाजूंनी मोकळा ओटा. आडवं माप त्यालाही तेवढंच लागतं, पण एका टोकाची तीन-साडेतीन फुटांची वाट वाचते. वीज आणि पाणी भिंतीतूनच नेता येतं, फरशी फोडावी लागत नाही. लहान जागेत ओटा वाढवायचा असेल तर मी आयलंडच्या आधी याचा विचार करेन. मात्र आत-बाहेर करायला एकच तोंड राहतं, आणि जोडाच्या कोपऱ्यातल्या कपाटात हात पोचत नाही. तिथे काय ठेवायचं ते आधी ठरवा. उंच स्टुलांचा त्रास इथेही सुटत नाही.

टेबलाच्या विरोधात एक मुद्दा खरा आहे: त्यावर उभं राहून चिरायला घेतलं तर कंबर धरते. म्हणून आधी ओटा पुरेसा आहे का ते मोजा. सगळा मिळून 158 इंच लांबी, म्हणजे तेरा फुटांच्या वर, असा आकडा त्या सूचनांत आहे. त्याच्या आसपास असाल तर मधल्या ओट्याची तुम्हाला गरज नाही, फक्त इच्छा आहे. इच्छा असायला हरकत नाही, पण गरज समजून फरशी फोडू नका.

टेबल स्वयंपाकघरातून बाहेर गेलं त्यालाही इतिहास आहे. ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी 1926 साली फ्रँकफर्ट किचनचा, म्हणजे जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या घरांसाठीच्या आटोपशीर स्वयंपाकघराचा, आराखडा केला. साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटरची खोली, एकटं माणूस काम करेल अशी आखलेली, सगळं हाताशी, पावलं मोजून. बाईचे श्रम वाचावेत ही कळकळ त्यामागे होती आणि मला त्या कामाविषयी मनापासून आदर आहे. पण त्या आखणीत कुटुंब जेवायला बसणार ते शेजारच्या खोलीत. पावलं वाचली, सोबत गेली. आयलंडवर भाळतो ते तीच सोबत परत हवी असते म्हणून. मलाही तीच हवी होती.

खोली खरंच मोठी असेल, दोघं-तिघं एकत्र काम करत असतील आणि बसायला टेबल वेगळं असेल, तर आयलंड जरूर करा. वर नुसता सपाट दगड ठेवा. शेगडी तिथे नको. मागे भिंत नसल्याने धूर पसरतो, त्यामुळे चिमणी जास्त रुंद आणि जोरकस लागते, शिवाय तडतडणारं तेल समोर बसलेल्याच्या अंगावर येतं. सिंकही नको. सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यायला जमीन खणावी लागते, आणि तो पाइप मी उघडा पाहिलाय.

काम सुरू करण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखा. आत रिकामी खोकी रचा, खऱ्या उंचीची. आठवडाभर त्याच्या भोवतीने वावरा. सगळी दारं उघडून बघा: फ्रीजचं, ओव्हनचं, डिशवॉशरचं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बोलवा आणि विचारा, तू कुठे बसशील?

कोब्याच्या जागी शेवटी जरा गडद रंगाची फरशी घातली. लांबून चटईसारखी दिसते. टेबल बरोबर त्याच्यावर ठेवलं होतं, पण परवा आई आली, म्हणाली, उजेडात बसू, आणि आम्ही दोघींनी दोन टोकांना धरून ते खिडकीशी नेलं. तिने खुर्ची स्वतः ओढून घेतली.